बीपीची गोळी "रोज घेतो" म्हणजे नक्की किती दिवस घेतो?

तुम्ही लिहिलंय की वडील ६६ वर्षांचे, धायरीला राहतात, बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन, तरी डॉक्टरांकडे गेलं की वरचं १६० च्या पुढेच येतं आणि आता डॉक्टर चौथी गोळी देऊ म्हणतायत. वडील म्हणतात मी रोज घेतो, आईला मात्र शंका आहे. लोक खरंच रोज घेतात का आणि घेत नसतील तर घरात भांडण न होता ते कसं ओळखायचं, हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, पुण्यात सिंहगड रोडला २६ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. त्यामुळे कुठली गोळी द्यायची हे मी सांगणार नाही, पण दिलेली गोळी पोटात जाते की डब्यात पडून राहते हे काउंटरवरून जेवढं दिसतं तेवढं दवाखान्यातून दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. नाही, बरेच लोक सगळ्या गोळ्या सगळे दिवस घेत नाहीत, आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली कायमच्या आजारांच्या औषधांवर एक मोठा रिपोर्ट काढला होता, त्यात श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी ५० टक्केच लोक नीट औषध घेतात असं होतं. मग २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला, तो मला जास्त पटला कारण त्यात पेशंटच्या तोंडी उत्तरावर काही अवलंबून नव्हतं. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप होती, झाकण उघडलं की तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जायची. बीपीचे असे ४,७८३ पेशंट. वर्षभरात त्यातल्या जवळपास निम्म्यांनी गोळी सोडूनच दिली होती. जे घेत होते त्यांचेही कुठलाही एक दिवस धरला तर साधारण १० टक्के डोस चुकलेले, आणि निम्म्याच्या आसपास लोकांनी वर्षातून एकदा तरी सलग तीन किंवा जास्त दिवस गोळीला हात लावलेला नव्हता. म्हणजे तुमचे वडील काही जगावेगळं करतायत असं नाही, हे आधी स्वतःच्या मनाशी पक्कं करा कारण पुढे त्यांच्याशी कुठल्या सुरात बोलणार हे त्यावरच ठरणार आहे.

आता "मी रोज घेतो" याबद्दल. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, वडगावच्या एक काकू कापडी पिशवी घेऊन आल्या, त्यात काकांच्या सगळ्या स्ट्रिपा आणि आमच्याच दुकानाची तीन महिन्यांची बिलं. काकांचंही तुमच्या वडिलांसारखंच, तीन गोळ्या आणि बीपी खाली येत नाही, घरात रोज वाद. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी बिलं काउंटरवर ओळीने मांडली. ९० दिवसांत प्रत्येकी ९० गोळ्या लागायला हव्यात. टेल्मिसार्टनच्या १५ च्या चार स्ट्रिपा, म्हणजे ६०. अ‍ॅम्लोडिपिनच्या १० च्या सात, म्हणजे ७०. आणि तिसरी जी लघवीची गोळी म्हणतात ती फक्त ३०. दुसऱ्या कुठल्या दुकानातून त्यांनी घेतल्या नव्हत्या. आमच्याकडे आणि अभ्यास करणाऱ्यांकडेही एक साधा हिशोब असतो, १०० दिवसांतले निदान ८० दिवस औषध हाताशी हवं, म्हणजे ९० दिवसांत ७२ गोळ्या तरी, आणि काकांची एकही गोळी तिथवर पोचत नव्हती. पण संध्याकाळी काका स्वतः आले, मी त्यांच्याशी निवांत बोललो, तेव्हा कळलं की काका खोटं बोलतच नव्हते. ते खरोखर रोज सकाळी गोळी घेत होते. जी स्ट्रिप हाताला लागेल ती. एक संपली की दुसरी चालू आहे ना, म्हणून आणायला आठ दिवस उशीर, मग ती आणेपर्यंत दुसरी संपलेली. त्यांच्या दृष्टीने त्यांचा एकही दिवस चुकला नव्हता.

यात स्ट्रिपच्या आकाराचा किती मोठा हात आहे हे लोकांना कळत नाही. एका औषधाची स्ट्रिप १० ची, दुसऱ्याची १५ ची, काही कंपन्यांची १४ ची. पेशंट महिन्याला दोन दोन स्ट्रिपा घेतो, एक २० व्या दिवशी संपते, दुसरी ३० व्या, आणि प्रत्येक वेळी फक्त एका गोळीसाठी मेडिकलला कोण येणार, सिंहगड रोडचं संध्याकाळचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. त्यात महिन्याची अखेर असेल तर पाच गोळ्या कापून द्या म्हणतात. कापलेल्या स्ट्रिपवर नाव राहत नाही, एक्सपायरी राहत नाही, कोणती कशाची ते घरी कळत नाही. मी आता जमेल त्या प्रत्येक पेशंटला सगळ्या गोळ्या एकाच तारखेला संपतील अशा मोजून देतो आणि स्ट्रिपच्या मागे मार्करने तारीख टाकतो. वेळ जातो, पण याने जेवढा फरक पडलेला पाहिलाय तेवढा कुठल्या लेक्चरने पडलेला नाही.

दुसरं, आपण विचारतो कसं. "बाबा, गोळी घेताय ना?" त्या "ना" मध्येच उत्तर भरून ठेवलेलं असतं, समोरचा हो म्हणण्यापलीकडे काय म्हणणार. मी स्वतः कितीतरी वर्षं असंच विचारत आलो आणि सगळे हो म्हणायचे. आता मी म्हणतो, एवढ्या गोळ्या म्हटल्यावर एखाददुसरी राहतेच सगळ्यांची, गेल्या आठवड्यात तुमच्या साधारण किती राहिल्या? असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो, म्हणतो रविवारी लग्नाला गेलो होतो तेव्हा राहिली, आणि गुरुवारी उपवास होता. मग पुढचं विचारायचं, कुठली गोळी घ्यायला नकोशी वाटते का. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण विसरणं आणि नकोशी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे.

नकोशी वाटण्यात पहिला नंबर लघवीच्या गोळीचा. क्लोरथॅलिडोन असो नाहीतर हायड्रोक्लोरोथायाझाइड, सुरुवातीला तरी लघवीला जास्त होते, आणि ज्याला अख्खा दिवस बाहेर काढायचा असतो त्याला ते परवडत नाही. रिक्षावाले, पीएमपीचे कंडक्टर, शाळेतल्या बाई, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, यांनी लघवीला जायचं कुठे हो? एक मावशी मला म्हणाल्या, दादा मी चार घरी कामाला जाते, एका घरी पण मला बाथरूम वापरू देत नाहीत, मी ही गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी घेते. त्यांना मी काय सांगणार की नियमित घ्या म्हणून? त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, डॉक्टरांनी ती गोळी काढून दुसरी दिली, आणि पुढच्या तीन महिन्यांत मावशींची एकही तारीख चुकली नाही. वारीचंही तेच. आमचे बरेच गिऱ्हाईक आळंदी नाहीतर देहूपासून पायी पंढरपूरला जातात, वीसेक दिवसांचा प्रवास. जाताना ३० गोळ्या घेऊन जातात आणि परत येतात तेव्हा २२ शिल्लक, कारण दिंडीचं सामान ट्रकमध्ये, ट्रक पुढच्या मुक्कामाला, गोळ्या पिशवीत, आणि माणूस दिवे घाटात चालतोय. शिवाय रस्त्यात लघवीची सोय नाही म्हणून ती गोळी तर पहिल्या दिवसापासूनच बंद. आता मी जाणाऱ्यांना सांगतो की दोन दिवसांच्या गोळ्या कायम कमरेच्या पाकिटात ठेवा, बाकीच्या ट्रकमध्ये असू द्या, आणि उन्हात एवढं चालणार असाल तर लघवीच्या गोळीचं काय करायचं हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून जा.

अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर गोल खळगा दिसतो, लोकांना वाटतं किडनी खराब झाली आणि कुणालाच न सांगता गोळी बंद करतात. ती सूज बहुतेक वेळा त्या गोळीचीच असते, डोस कमी करून किंवा औषध बदलून डॉक्टर त्यावर मार्ग काढू शकतात, फक्त त्यांना सांगायला हवं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, लोक महिनोन्महिने कफ सिरप घेत बसतात. आणि पुरुषांची एक अडचण असते, नवराबायकोच्या संबंधांत फरक पडल्यासारखा वाटतो, खरा पडलेला असो नाहीतर भीतीने वाटत असो, ते कुणाला बोलत नाहीत आणि गोळी टाकून देतात. तुमच्या वडिलांना हे तुम्ही मुलगा म्हणून विचारणं अवघड आहे, पण डॉक्टरांना एकट्याने भेटायची संधी द्या, तुम्ही आणि आई पाच मिनिटं बाहेर बसा.

मग येतात "आता नॉर्मल आलं की" वाले. मशीनवर १२६ आलं, बीपी गेलं, गोळी बंद. यात त्यांचा तरी काय दोष, ताप उतरला की क्रोसिन बंद करायची हेच आपण लहानपणापासून शिकलोय. त्यात या गोळ्यांची गंमत नाही पण फसवणूक म्हणावी अशी एक गोष्ट आहे. अ‍ॅम्लोडिपिन रक्तात निम्मी व्हायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे आज राहिली, उद्या राहिली, तरी काहीच जाणवत नाही, बीपी हळूहळू चढत जातं, आणि माणसाला खात्री पटते की मला गोळीची गरजच नव्हती. उलट बाजूने पण तेवढाच वेळ लागतो. डॉक्टरांची तारीख गुरुवारी म्हणून सोमवारपासून इमानदारीत सगळ्या सुरू केल्या तरी अ‍ॅम्लोडिपिनला पूर्ण जोर यायला आठवडा लागतो, टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चारेक आठवडे. गुरुवारी रिडिंग येतं १६०, पेशंट म्हणतो रोज घेतो, डॉक्टरांच्या दृष्टीने औषध कमी पडतंय, आणि चिठ्ठीवर एक गोळी वाढते. मी काउंटरवर कित्येक चिठ्ठ्या अशा वाढत गेलेल्या पाहिल्यात. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन चालू असेल तर मात्र अचानक बंद करणं धोक्याचं आहे, बीपी आणि नाडी एकदम उसळी मारते, त्या कधीही मनाने सोडू नयेत.

त्रास काहीच होत नाही तर कशाला घ्यायची, असं वडील म्हणाले तर त्यांना आकडा सांगा. २०१६ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये १२३ ट्रायल्स एकत्र करून हिशोब मांडला होता, वरचं बीपी १० ने खाली आलं की पॅरालिसिसच्या झटक्याचा धोका साधारण २७ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरचा २८ टक्क्यांनी कमी होतो. माझा अनुभव असा की ६५ च्या पुढच्या माणसाला मरणाची भीती घालून उपयोग होत नाही, पण एका बाजूने लुळं पडून दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यावं लागेल हे त्यांना लगेच समजतं. भीती घालायला म्हणून सांगू नका, खरं आहे म्हणून सांगा.

"गोळीची सवय लागते" हे रोज ऐकतो. झोपेच्या गोळीसारखी बीपीच्या गोळीची सवय लागत नाही, बीपी आयुष्यभर राहतं म्हणून गोळी राहते. वजन कमी झालं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर काहींच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात, मी असे पेशंट पाहिलेत, रोज पर्वती नाहीतर तळजाईची टेकडी चढणारे, पण ते डॉक्टरांनी मोजत मोजत केलेलं असतं. आणि कुणी म्हणालं की ॲलोपॅथी सोडा, झाडपाल्याचं घ्या, तर एवढं लक्षात ठेवा की सर्पगंधेचा बीपीवर खरोखर परिणाम होतो, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर पेपर लिहिला आणि मग जगभर ती वापरली गेली. म्हणजे ते निरुपद्रवी चूर्ण नाही, औषध आहे, त्याने मन उदास होऊ शकतं, आणि आपल्या गोळ्यांबरोबर गुपचूप घेतलं तर बीपी नको तेवढं खाली जाऊ शकतं. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

इथे आईबद्दल थोडं लिहितो, तुम्ही विचारलं नसलं तरी. २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांमध्ये २४ टक्के आणि बायकांमध्ये २१ टक्के लोकांना बीपी निघालं, म्हणजे फार फरक नाही. पण माझ्याकडे नवऱ्याच्या गोळ्या महिन्याच्या घेतल्या जातात आणि बायकोच्या "दहा द्या सध्या". कितीतरी काकू नवऱ्याची गोळी पाण्याच्या ग्लासासकट हातात नेऊन देतात आणि स्वतःची दुपारी आठवली तर घेतात. वडगावच्या त्या काकूंना मी बिलं मांडून झाल्यावर विचारलं की तुमची कुठाय, तर त्यांची स्वतःची गोळी दीड महिन्यापासून बंद होती आणि त्यांनी ते घरात कुणाला सांगितलंही नव्हतं, पैसे वाचतात म्हणून. तुमच्या आईचं बीपी शेवटचं कधी मोजलंय ते एकदा बघा. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात आणि महापालिकेच्या दवाखान्यांतही चौकशी करा. सरकारचा बीपी नियंत्रणाचा जो कार्यक्रम २०१७ ला सुरू झाला, ज्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता आणि ज्याला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे पेशंटला एका वेळी ३० दिवसांची औषधं हातात द्यायची आणि कोण परत आलं नाही ते नोंदून त्याला शोधायचं. आठ दिवसांच्या गोळ्यांसाठी रोजंदारी बुडवून रांगेत कोण उभं राहणार, हे कुणीतरी समजून घेतलं.

जेनेरिक किंवा दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग आणि नाव बदलतं, त्याचाही घोळ होतो. टेल्मा आणि टेल्मिकाइंड दोन्हींत टेल्मिसार्टनच आहे, पण घरी जुनी अर्धी स्ट्रिप आणि नवी पूर्ण स्ट्रिप असं असलं की काहीजण दोन्ही घेतात आणि काहीजण घाबरून एकही घेत नाहीत. नावापुढे एच किंवा एएम लागलं की आत दुसरं औषध पण असतं, ते वेगळं. ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात जे नाव असतं ते वाचायची सवय लावा, नाहीतर मेडिकलवाल्याकडून मराठीत लिहून घ्या, त्याने कंटाळा करू नये, ते त्याचं कामच आहे.

आता तुम्ही काय करायचं. वडिलांना काही न बोलता आधी गेल्या तीन महिन्यांची बिलं शोधा, मिळाली नाहीत तर ज्या मेडिकलमधून घेता तिथे मोबाईल नंबरवरून जुनी खरेदी निघते, त्यांना विचारा. वर केला तसा हिशोब करा, प्रत्येक गोळीचा वेगळा. मग वडिलांशी बोला, पण बिलं पुराव्यासारखी समोर आपटू नका. पकडला गेलोय असं वाटलं की पुढच्या महिन्यापासून गोळ्या कचऱ्याच्या डब्यात जातात आणि स्ट्रिपा मात्र बरोबर रिकाम्या दिसतात, हे मी पाहिलंय, आणि एकदा तिथपर्यंत गेलं की मग खरं कळायला कुठलाच मार्ग राहत नाही. त्यांना म्हणा की चौथी गोळी टाळायची असेल तर या तीन महिनाभर आपण दोघं मिळून नीट बघू. चौथी नको हे त्यांनाही हवंच असणार.

वेळ कुठली, हे लोक फार विचारतात, सकाळी की रात्री. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांची एक ट्रायल झाली, २०२२ ला निकाल आला, सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्या हार्ट अटॅक, स्ट्रोकमध्ये काही फरक नव्हता. म्हणजे जी वेळ चुकत नाही ती चांगली. वडील रोज पूजा करत असतील तर देवघराशेजारी, चहा कधीच चुकत नसेल तर चहाच्या डब्याशेजारी. मोबाईलचा अलार्म मला स्वतःला फारसा भरवशाचा वाटत नाही, लोक तो बंद करतात आणि मग घेऊ म्हणतात. सात कप्प्यांची डबी छान चालते, रविवारी भरायची, पण एका आठवड्याचीच, महिन्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवल्या तर पावसाळ्यात दमट होतात. डबीचा फायदा असा की घेतली की नाही हा प्रश्नच राहत नाही, बुधवारचा कप्पा भरलेला दिसतो. उपवासाच्या दिवशी गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, आणि उपवासाला चालतं म्हणून जे सैंधव वापरतो त्यातही सोडियमच असतं. एखाद्या दिवशी राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच घ्या, दोन एकदम नाही. जुलाब उलट्या लागल्या, पोटात पाणी ठरत नाहीये, अशा वेळी लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन चालू ठेवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि डॉक्टरांना हेही विचारा की तीनच्या ऐवजी एकत्र एकच गोळी देता येईल का, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बीपीची दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्यात, पायाला सूज किंवा दुसरा काही त्रास नसेल तर तीन स्ट्रिपांचा सगळा गोंधळच संपतो.

एक शक्यता मात्र सोडू नका, वडील खरंच सगळ्या गोळ्या घेत असतील. मग बीपी का येत नाही? गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी बीपी वाढवते, सर्दीच्या काही गोळ्याही वाढवतात, आणि हे लोक औषधात धरतच नाहीत. लोणचं, पापड, फरसाण, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. पोटॅशियमचं लो सोडियम मीठ टेल्मिसार्टनबरोबर विचारल्याशिवाय सुरू करू नका. काहींचं बीपी फक्त डॉक्टरांसमोरच वाढतं. म्हणून घरी मोजा, दंडावरचं मशीन घ्या, मनगटाचं नको, दंड जाड असेल तर मोठा पट्टा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसायचं, मग एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. सात दिवस सकाळ संध्याकाळ, वहीत तारीख, आणि वहीतच त्या दिवशी तिन्ही गोळ्या घेतल्या का त्याची खूण. घरचं सरासरी १३५/८५ च्या आत हवं. वरचं १८० किंवा खालचं १२० च्या वर गेलं आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन.

शेवटी चौथ्या गोळीचं. मला यात सगळ्यात काळजी कशाची वाटते ते सांगतो. एक गिऱ्हाईक होते आमचे, चार गोळ्या चिठ्ठीवर, प्रत्यक्षात एक घ्यायचे, तीही अधूनमधून. डेंग्यू झाला, ॲडमिट केलं, तिथल्या सिस्टरने चिठ्ठी बघून चारही गोळ्या वेळच्या वेळी दिल्या, तिने तिचं काम बरोबरच केलं. दुसऱ्या दिवशी बाथरूमला उठले आणि चक्कर येऊन पडले, वरचं बीपी ८० होतं, खुबा मोडला. चिठ्ठीवरच्या चार गोळ्या त्या शरीराने कधी एकत्र पाहिल्याच नव्हत्या. म्हणून तुमच्या हिशोबात असं निघालं की वडील तीनपैकी एकच नीट घेतायत, तर उद्यापासून तिन्ही पूर्ण सुरू करा असं घरच्या घरी ठरवू नका. बिलं, वही, सगळ्या स्ट्रिपा, गुडघ्याच्या गोळीसकट, पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा आणि वडिलांनाच सांगू द्या की यातली ही घेतो, ही राहते, हिने असं होतं. डॉक्टर मग कुठली आधी सुरू करायची, किती दिवसांनी दुसरी, ते ठरवतील, आणि त्या दिवसांत वडिलांना अंथरुणातून उठताना दोन मिनिटं कडेला बसून मग उभं राहायला सांगा.